पहिल्या हंगामात गाडीला हात लावू नका

ऑटोक्रॉसमध्ये उतरायचंय असं एखाद्या तरुणानं बोलून दाखवलं, की त्याला पहिला सल्ला मिळतो तो गाडीबद्दलचा. इंजिनाचं रीमॅप करून घे, फ्री-फ्लो सायलेन्सर बसव, स्प्रिंगा बदलून गाडी खाली घे, रुंद टायर आणि मोठे अलॉय टाक, मग मैदानात ये. गॅरेजमध्ये हेच ऐकायला मिळतं, मोबाइलवरच्या व्हिडिओंत हेच दिसतं, आणि एखाद-दुसरी स्पर्धा करून आलेला थोरला मित्रही हेच सांगतो. सांगणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. त्यांचा खरोखरच विश्वास असतो, की शर्यत म्हणजे वेग आणि वेग म्हणजे इंजिन. पण हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यामुळे दरवर्षी अनेक होतकरू मुलांचे पैसे, वेळ आणि उत्साह वाया जातो. माझं म्हणणं असं, की नवशिक्यानं पहिला पूर्ण हंगाम घरात आहे त्याच गाडीत, ती कारखान्यातून आली तशीच ठेवून काढावा. खर्च करायचाच तर टायर, ब्रेक, हेल्मेट आणि जास्तीत जास्त फेऱ्या यांवर करावा. गोंदियासारख्या जिल्ह्यातल्या मुलांनी तर हे विशेष मनावर घ्यावं, कारण इथे पैसा आणि मैदान दोन्ही जपून वापरावं लागतं. जपून वापरायची वस्तू आधी कुठे खर्च करायची, हाच सगळ्या वादाचा मुद्दा आहे.

ऑटोक्रॉस म्हणजे काय हे आधी स्पष्ट करायला हवं, कारण चुकीच्या सल्ल्याचं मूळ तिथेच आहे. मोकळ्या मैदानावर ट्रॅफिक कोन किंवा झेंडे मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात. एका वेळी एकच गाडी सुटते आणि तिचा सामना घड्याळाशी असतो. कुणाला ओलांडायचं नसतं, की कुणाच्या शेजारून जायचं नसतं. इंग्लंडात हा खेळ गवताच्या किंवा कापणी झालेल्या शेतांवर वाढला. अमेरिकेत तो डांबरी वाहनतळांवर आणि जुन्या विमानतळांवर खेळतात. आपल्याकडे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या परवानगीने होणाऱ्या ऑटोक्रॉस बहुतेक मातीच्या मैदानांवर होतात. वळणं घट्ट असतात, सरळ भाग आखूड असतात आणि गाडी बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच राहते. दूरदर्शनवर फॉर्म्युला वन पाहून ज्याच्या मनात शर्यतीची कल्पना तयार झाली, त्याला हे पचायला जड जातं. तो लांब सरळ रस्त्यावरच्या कमाल वेगाचा विचार करतो. ऑटोक्रॉसमध्ये तसा रस्ताच नसतो.

थोडं गणित करून पाहू. वळणात गाडी किती वेगाने जाऊ शकते हे इंजिन ठरवत नाही. ते ठरतं टायरची जमिनीवरची पकड आणि वळणाची त्रिज्या यांवर. पंधरा मीटर त्रिज्येचं वळण घ्या. चांगल्या डांबरावर, पकड साधारण ०.९ धरली, तर त्या वळणातला जास्तीत जास्त वेग येतो ताशी सुमारे ४१ किलोमीटर. सैल मातीवर पकड ०.५ धरली, तर तो ३१ वर येतो. इंजिन ऐंशी अश्वशक्तीचं असो की दोनशे, आकडे हेच राहतात. आता चालकाने वळणाआधी गाडी बाहेरच्या बाजूला नेली, आतल्या कोनाला घासून जाऊन पुन्हा बाहेर सोडली आणि तीच जागा वापरून प्रत्यक्ष मार्गाची त्रिज्या पंधराची वीस मीटर केली, असं समजू. डांबरावरचा तोच वेग जवळजवळ ४८ होतो. सहा-सात किलोमीटरचा हा फायदा फुकटचा आहे. त्यासाठी एकही सुटा भाग विकत घ्यावा लागला नाही, फक्त डोळे आणि हात योग्य वेळी योग्य जागी असावे लागले. शिवाय वळणातून बाहेर पडताना वेग जास्त असला की पुढच्या सगळ्या सरळ भागाला त्याचा लाभ मिळतो.

आता याच हिशेबात रीमॅप आणि सायलेन्सर काय देतात ते पाहू. चालकासह साडेनऊशे किलोची साधी पेट्रोल हॅचबॅक त्या वळणातून ४१च्या वेगाने बाहेर पडली आणि पुढे चाळीस मीटर सरळ भाग आहे, असं धरू. एवढं अंतर ती साधारण २.६ सेकंदांत कापते. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनातून रीमॅपने दहा टक्के शक्ती वाढणं म्हणजे पुष्कळच झालं, तरी तेवढी वाढली असं मानलं, तर त्या चाळीस मीटरांत वाचतात जेमतेम पाच शतांश सेकंद. असे दहा सरळ भाग असले, तर अर्धा सेकंद. उलट, स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या नियमांत एक कोन पाडला की दोन सेकंदांचा दंड आहे आणि एक दरवाजा, म्हणजे दोन कोनांमधली वाट, चुकला तर फेरीच बाद. दंडाचा आकडा स्पर्धेगणिक बदलतो, पण तत्त्व सगळीकडे तेच आहे. नवशिका एका फेरीत दोन-तीन कोन सहज पाडतो. म्हणजे हजारो रुपये घालून मिळवलेला अर्धा सेकंद तो पहिल्याच कोनावर चौपटीने घालवतो. मातीवर तर हा हिशेब आणखी बिघडतो. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीला सैल मातीवर मूळ इंजिनाची ताकदच पूर्ण वापरता येत नाही, चाकं जागेवर फिरायला लागतात. वाढवलेली शक्ती माती मागे उडवण्यात जाते. पाहणाऱ्यांना ते दृश्य आवडतं, घड्याळाला आवडत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पण जिंकणाऱ्यांच्या गाड्या तर तयार केलेल्याच असतात! खरं आहे, आणि ते मला नाकारायचं नाही. पण जिंकणाऱ्याची आजची गाडी हा त्याच्या प्रवासाचा शेवट असतो, आणि नवशिका तिलाच सुरुवात समजतो. जो चालक प्रत्येक फेरी दोन-तीन दशांश सेकंदांच्या फरकात पुन्हा पुन्हा काढू शकतो, त्याला गाडीत केलेला बदल उपयोगी पडला की नाही हे कळतं. ज्याच्या दोन फेऱ्यांत चार सेकंदांचा फरक पडतो, त्याला स्प्रिंग बदलल्याने फायदा झाला की तोटा हे कळणारच नाही. त्याच्या स्वतःच्या चुकांच्या गोंधळात तो फरक बुडून जातो. दुसरं असं, की बहुतेक स्पर्धांत इंजिनाच्या सीसीनुसार आणि गाडीतल्या बदलांनुसार गट पाडलेले असतात. गाडी बदलली की नवशिका मूळ गाड्यांच्या गटातून उठून अनुभवी चालकांच्या गटात जाऊन बसतो. जिथे त्याला बरोबरीचे स्पर्धक मिळाले असते ती जागा त्याने स्वतःच्या पैशाने सोडलेली असते.

मोटारस्पर्धेतल्या गंभीर शिक्षणाची घडण पाहिली तरी हेच दिसतं. मुंबईचा जेहान दारुवाला २०११ साली फोर्स इंडियाच्या ‘वन फ्रॉम अ बिलियन’ या शोधमोहिमेतून पुढे आला. भावी फॉर्म्युला वन चालक हेरण्यासाठी निघालेल्या त्या मोहिमेने मुलांना शक्तिमान मोटारी दिल्या नाहीत, कार्टमध्ये बसवून पारखलं. कार्टचं इंजिन लहान असतं, त्याला सस्पेन्शनही नसतं. चालकाची प्रत्येक चूक थेट त्याच्या पाठीला कळते. आपल्याकडच्या एलजीबी फॉर्म्युला फोरच्या शर्यतीत सगळ्यांच्या गाड्यांना स्विफ्टचंच १.३ लिटरचं इंजिन असतं, जे आपल्या गल्लीतल्या टॅक्सीलाही असायचं. ज्यांना चालक घडवायचे असतात ते गाड्या सारख्या आणि शक्यतो साध्या ठेवतात. फरक फक्त माणसाचा उरावा, अशी ती योजना असते. हे ज्याला समजलं, त्याला शेजारच्या गाडीच्या सायलेन्सरचा आवाज ऐकून कमीपणा वाटण्याचं कारण नाही.

गाडी बदलण्याचे तोटे केवळ घड्याळापुरते नाहीत. नवशिक्याची गाडी बहुतेक वेळा घरचीच असते, तीच उद्या आईला दवाखान्यात न्यायची असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या वेळी कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल गाडीत करता येत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. संघटित शर्यत, वेगाची चाचणी, विश्वसनीयता चाचणी यांसाठी केलेला वापर तिथे स्पष्टपणे वगळलेला असतो. म्हणजे मैदानात बंपर फुटला तर खर्च खिशातून करायचा, हे गृहीत धरूनच उतरावं. ज्याने सगळे पैसे आधीच अलॉयवर घातले, त्याच्याकडे त्या बंपरसाठी काही उरत नाही, आणि पहिल्या धक्क्यातच त्याचा हंगाम संपतो. खाली घेतलेली गाडी गोंदियाच्या गावरस्त्यांवर रोज पोट घासते, ते वेगळंच. रुंद टायर सैल मातीवर अरुंद टायरपेक्षा चांगले चालतात असंही नाही. पुष्कळदा अरुंद टायर माती कापून खालची घट्ट जमीन पकडतो.

मग पैसे कुठे घालायचे? सगळ्यात आधी टायरवर. ते मूळ मापाचेच, पण नवे आणि चांगले असावेत, बाजू कडक झालेले किंवा भेगाळलेले नकोत. मग टायरमधल्या हवेवर, ज्याला जवळजवळ काहीच खर्च नाही. टायरच्या कडेला, जिथे पट्टा संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, खडूने आडव्या रेघा ओढाव्यात. फेरी झाली की पाहावं, खडू किती पुसला गेला. भिंतीवर खोलवर पुसला असेल, तर टायर वळणात कुशीवर पडतोय, हवा थोडी वाढवायची. पट्ट्याच्या कडेलाही खडू शाबूत असेल, तर हवा जास्त झालीय. चार रुपयांच्या खडूने टायर स्वतःहून बोलायला लागतो, आणि हे ज्ञान पुढे कुठल्याही गाडीत कामी येतं. त्यानंतर ब्रेक ऑइल. हे द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरलेलं १५५ अंशांच्या आसपास. धानपट्ट्यातला आपला पावसाळा आणि तीन-चार वर्षं न बदललेलं ऑइल यांची गाठ पडली, की सलग फेऱ्यांनंतर पॅडल मऊ होऊन खाली जातं. ऑइल बदलायला गावातला कुठलाही बरा मेकॅनिक पुरतो. हेल्मेट स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत लिहिलेल्या प्रमाणाचंच घ्यावं, दुचाकीवरचं चालेल असं गृहीत धरू नये.

यानंतर उरतं ते चालकाचं काम, आणि तेच सगळ्यात मोठं. डिक्कीतला जॅक, पाना, स्टेपनी, सीटखालची पाण्याची बाटली, सुटं पायपुसणं सगळं बाहेर काढायचं. ब्रेकच्या पॅडलखाली घरंगळलेली बाटली कुठल्याही इंजिनापेक्षा जास्त धोकादायक असते. बॅटरीचा पट्टा आणि चाकांचे नट तपासायचे. सीट इतकी जवळ घ्यायची, की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल. आडवं होऊन एका हाताने चालवण्याची जी पद्धत रस्त्यावर रुबाबदार वाटते, ती इथे पहिल्याच वळणात उघडी पडते. मग मार्ग पायी चालायचा, एकदा नव्हे, मिळेल तितक्या वेळा, गप्पा न मारता. चालताना लक्ष मार्गावर ठेवायचं: कुठे ब्रेक सोडायचा, कोणता कोन खरा महत्त्वाचा आहे, जमीन कुठे भुसभुशीत आहे, कुठे उतार बाहेरच्या बाजूला आहे. गाडीत बसल्यावर नजर समोरच्या कोनावर न ठेवता त्याच्या पुढच्या आणि त्याच्याही पुढच्या कोनावर न्यायची. बहुतेक कोन पडतात ते त्यांच्याकडे पाहत राहिल्यामुळे, कारण हात नजरेच्या मागे जातात. ब्रेक शक्यतो गाडी सरळ असतानाच मारायचा. टायरची पकड ठरावीकच असते, ती एकाच वेळी थांबायलाही आणि वळायलाही पुरत नाही. पहिल्यांदा एबीएस सुरू झालं की पॅडल पायाखाली थरथरतं. नवशिका घाबरून पाय काढतो आणि गाडी थेट पुढे जाते. पाय दाबून ठेवायचा असतो, हे एकदा मोकळ्या मैदानात अनुभवल्याशिवाय कुणालाही जमत नाही. सैल मातीवर एबीएस असलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेऊ शकते, कारण अडकलेल्या चाकांपुढे मातीचा जो ढीग साचतो तो इथे साचू शकत नाही. या गोष्टी शिकायला गाडी बदलावी लागत नाही. उलट गाडी सतत बदलत राहिली तर त्या शिकताच येत नाहीत.

दुसरा आक्षेप गोंदियात हमखास निघेल: मैदान कुठे आहे, सराव मोकळ्या रस्त्यावरच करावा लागणार. या एका वाक्याला माझा सगळ्यात कडक विरोध आहे. गोंदिया-कोहमारा रस्ताच घ्या. तो नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्यातून जातो. २०२३च्या ऑगस्टमध्ये याच रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात मोटारीच्या धडकेने जखमी झालेला वाघ मेला. २०२४च्या २९ नोव्हेंबरला याच मार्गावर शिवशाही बस उलटून अकरा प्रवाशांचे प्राण गेले. समोर आलेली दुचाकी वाचवताना बसवरचा ताबा सुटला, अशी बातमी होती. रात्री रिकामा दिसणारा रस्ता रिकामा नसतो. त्याच्या कडेला चितळ असतं, बिनदिव्याची सायकल असते, धानाचे कट्टे भरलेला ट्रॅक्टर उभा असतो. परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी घेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार. पण कायदा बाजूला ठेवला तरी रस्त्यावर जे शिकलं जातं ते ऑटोक्रॉसच्या कामाचं नसतं. रस्त्यावर कुणी सरळ रेषेत एक्सिलरेटर दाबायला शिकतो. पकडीच्या काठावर गाडी कशी वागते हे तिथे शिकताच येत नाही, कारण तिथे तो काठ गाठला की माणूस मरतो. समृद्धी महामार्ग गोंदियापर्यंत आणण्याची योजना आहे. तो आला की सरळ रेषेतल्या वेगाचा हा अभिमान आणखी वाढेल, आणि मोकळ्या मैदानाची गरजही.

तिसरा आक्षेप पालकांचा आणि पोलिसांचा आहे, आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. आधीच मुलं बेफाम चालवतात, त्यांना शर्यत शिकवून आगीत तेल कशाला? यात तथ्य आहे. ज्या ऑटोक्रॉसमध्ये आवाज, धूर आणि चाकं फिरवण्याचं कौतुक होतं, तिथून मुलगा घरी जाताना तेच रस्त्यावर करून दाखवतो. म्हणूनच गाडी तयार करण्याच्या सल्ल्याला माझा विरोध आणखी तीव्र आहे. तो सल्ला मुलाला शक्ती देतो, संयम देत नाही, आणि ती शक्ती सोमवारी सकाळी गोंदियाच्या रस्त्यावर असते. साध्या गाडीतला ऑटोक्रॉस याच्या उलट शिकवतो. चाळीसच्या वेगालाही गाडी सुटू शकते, हे तिथे मुलगा पहिल्या तासात स्वतःच्या हातांनी अनुभवतो. ज्याने बंद मैदानात कोन उडवलेत, त्याला रस्त्यावरच्या वळणाच्या मर्यादेचा अंदाज असतो. तरी प्रत्येक मुलगा त्यामुळे शहाणा होईल, असं मी म्हणणार नाही. काही जण अति आत्मविश्वासाने बाहेर पडतात, आणि मैदानावर शिकलेलं कौशल्य रस्त्यावर उधळतात. त्यावर उपाय आयोजकांकडेच आहे. रस्त्यावर बेजबाबदार चालवताना आढळलेल्याला पुढच्या स्पर्धेत प्रवेश नाही, हा नियम लिखित असावा आणि मित्रालाही लागू व्हावा. वाहन परवान्याशिवाय प्रवेश नको, अठरा वर्षांखालचा मुलगा वडिलांच्या संमतीनेही नको. अल्पवयीनाच्या हाती गाडी दिल्यास कलम १९९ए प्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो, हेही घरोघरी कळायला हवं.

आता मैदानाचा प्रश्न. जगात हा खेळ बहुतेक ठिकाणी मुळात दुसऱ्याच कामासाठी केलेल्या जागांवर रुजला. इंग्लंडातलं सिल्व्हरस्टोन हे महायुद्धातलं विमानतळ होतं. मद्रासजवळच्या शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर कित्येक दशकं भारतातल्या सगळ्यात मोठ्या मोटारशर्यती झाल्या. खास बांधलेला इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक तिथल्या क्लबला १९९०च्या सुमारास मिळाला. गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टीही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलीच, पण ती आज प्रवासी विमानांसाठी आणि वैमानिक प्रशिक्षणासाठी वापरात आहे, तिची आशा धरू नये. धानाच्या बांध्याही चालणार नाहीत. दर काही पावलांवर धुरा आहे, आणि तो फोडून मागायचा हक्क कुणालाच नाही. पण ऑटोक्रॉसला किलोमीटरभर धावपट्टी लागत नाही, दोन-तीन एकरांची सपाट, मोकळी, कडेला झाडं-विहिरी नसलेली जागा पुरते. तशी जागा या आठ तालुक्यांत नाही असं म्हणणाऱ्याने शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, कुठे भरतात ते आठवावं.

शंकरपटाचा दाखला मी मुद्दाम देतोय, कारण या जिल्ह्याला घड्याळावरची शर्यत नवी नाही. धान घरात आलं की झाडीपट्टीत गावोगाव पट भरतो, दिवसा जोड्या सुटतात आणि रात्री नाटक रंगतं. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१मध्ये न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आज पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी, क्रूरतेला मनाई हे सगळं पाळावं लागतं, आणि गावं ते पाळतात. म्हणजे अर्ज करणं, जागा आखणं, गर्दी आवरणं, दवाखान्याची गाडी उभी ठेवणं हे सगळं करणारी माणसं या जिल्ह्यात आहेत. मोटारस्पर्धेला नव्या मनुष्यबळाची गरज नाही, याच अनुभवी माणसांना हाताशी धरायला हवं. आणि पटातला अनुभवी धुरकरीसुद्धा पटाची गाडी हलकी ठेवतो. वर्षभर मेहनत घेतो ती जोडीवर, सजावटीवर नव्हे.

इथे आयोजकांना एक गोष्ट बजावून सांगायला हवी. हौशी स्पर्धांत खरा धोका चालकापेक्षा प्रेक्षकांना असतो. मातीवर गाडी सुटली की ती वळणाच्या बाहेरच्या बाजूला जाते, आणि लोक फोटोसाठी नेमके तिथेच उभे राहतात. वळणाच्या बाहेर प्रेक्षक नकोत, दोर किंवा बांबू मार्गापासून बराच दूर हवा, प्रत्येक वळणावर लाल झेंडा घेतलेला माणूस हवा आणि मार्गात कुत्रं जरी आलं तरी फेरी थांबवायला हवी. फेडरेशनशी संलग्न क्लबच्या माध्यमातून परवाना घेतला, की यातल्या बऱ्याच गोष्टींचे नियम आयते मिळतात. तो परवाना म्हणजे कागदी खटाटोप असं समजू नये.

श्रीमंतांचा खेळ, हा शेवटचा आक्षेप मला सगळ्यात कमी पटतो, कारण तो आक्षेप घेणारेच बहुधा महागड्या गाडीचा सल्ला देतात. घरातली ऑल्टो किंवा जुनी स्विफ्ट, नवे टायर, ब्रेक ऑइल, हेल्मेट आणि प्रवेशशुल्क यांत पहिला हंगाम होतो. बोलेरोसारखी उंच गाडी मात्र घरात असली तरी आणू नये. तिचा गुरुत्वमध्य वर असतो आणि घट्ट वळणात ती उलटण्याचा धोका जास्त. ज्याला अधिक शिकायचं आहे त्याने सुटे भाग घेण्याऐवजी तिकीट काढावं. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला पोचवते, आणि तिथे मोहितेज् रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. कार्टमध्ये दोन दिवस घालवून माणूस जितकं शिकेल तितकं कुठल्याही अलॉयच्या संचाने शिकणार नाही.

म्हणून गोंदियात पहिली ऑटोक्रॉस भरवण्याचा विचार जे कुणी करत असतील, त्यांना माझी विनंती आहे. ती डिसेंबर-जानेवारीत घ्या, जमीन कडक असते आणि ऊन सोसतं. पहिल्या वर्षी फक्त मूळ अवस्थेतल्या गाड्यांनाच प्रवेश द्या, तपासणीत रीमॅपची शंका आली तरी परत पाठवा. प्रत्येक चालकाला किमान पाच फेऱ्या मिळतील इतकेच प्रवेश घ्या, शंभर नावं नोंदवून प्रत्येकाला दोन फेऱ्या देऊ नका. प्रत्येक फेरीची वेळ, पाडलेल्या कोनांसह, मोठ्या फळ्यावर खडूने लिहा, सगळ्यांना दिसेल अशी. आणि सगळ्यात कमी वेळेच्या बक्षिसाइतकंच मोठं बक्षीस त्या चालकाला द्या, ज्याने पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत स्वतःची वेळ सगळ्यात जास्त खाली आणली.